गाडीतला फ्रिज

नवऱ्याचं इन्सुलिन थंड राहिलं नाही, तर स्पितीची सफर रद्दच होणार होती. म्हणून हेमांगीताई गाडीत ठेवायचा फ्रिज घ्यायला आल्या, आणि लिटर, व्होल्ट, कॉम्प्रेसर ऐकून पार गोंधळल्या.

दुकानाचे मालक कारखानीस हसले. "बाई, यातलं तुम्हाला काय कळणार? सगळ्यात मोठा घ्या. गाडी बंद करून फ्रिज रात्रभर चालवा, गाडीच्या बॅटरीला काही होत नाही."

हेमांगीताईंना खरंच काही कळत नव्हतं. त्या म्हणाल्या, "मग आज रात्रभर तो तुमच्याच गाडीत चालू ठेवा. सकाळी तुमची गाडी सुरू झाली, की मी लगेच घेते."

कारखानिसांनी दाराशी उभ्या असलेल्या आपल्या नव्याकोऱ्या गाडीकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "त्यापेक्षा हा लहान बघा. याला स्वतःची वेगळी बॅटरी आहे."