आईच्या डोळ्यांपुढचे काजवे

सोनकीच्या घरी चूल दिवसातून एकदाच पेटायची, आणि ती पेटवणारी आईच आता आजारी पडली होती. आपल्या इवल्याशा खांद्याचा आधार देत सोनकीने तिला डोंगरावरून राजाच्या दवाखान्यात आणले.

तिथले वैद्यबुवा दूरदेशीचे. मराठी पोथीतून शिकलेले.

"डोळ्यांपुढे काजवे चमकतात," आई म्हणाली, "हातापायांना मुंग्या येतात."

वैद्यबुवांनी खूप विचार केला. "काजवे खिडकीतून हाकला. मुंग्या येतात ना? मग गूळ झाकून ठेवा. पुढचा!"

"गूळ असता तर झाकला असता की!" आई पुटपुटली आणि ओसरीवर मटकन खाली बसली.

सोनकी पाण्यासाठी दवाखान्याच्या बागेत धावली. लालचुटुक जास्वंदी, पिवळीधमक शेवंती, आणि कारंज्याच्या तुषारांत चिमुकले इंद्रधनुष्य! तेवढ्यात कोळ्याच्या जाळ्यात काहीतरी सोनेरी फडफडले.

"थांब हं, घाबरू नकोस," म्हणत सोनकीने एकेक धागा हळूच सोडवला. ती होती नखाएवढी परी!

"गुणाची गं माझी!" परी किणकिणली. "एक इच्छा माग. पण नियम ऐक. मागणाऱ्याने रांगेच्या अगदी शेवटी थांबायचं."

'आईला बरं कर' हे शब्द सोनकीच्या ओठांवर आले. पण ओसरीवर आरशांचा घागरा घातलेली लमाणी आजी डोळे पुसत होती. तिची बोली कुणालाच कळली नव्हती. हातांच्या खुणांनी बोलणारे कुंभारकाका तर रिकाम्या हाताने घरी निघाले होते.

"वैद्यबुवांना सगळ्यांचं बोलणं कळू दे," सोनकी म्हणाली, "तोंडाचं आणि हातांचंही."

"आईला थांबावं लागेल, बाळा."

सोनकीने ओसरीवरच्या आईकडे वळून पाहिले. तरी तिने "हो" म्हटले.

परीने सोनेरी फुंकर घातली. वैद्यबुवांच्या कानांना गुदगुल्या झाल्या आणि ते ताडकन उठले. "अरेच्चा! काजवे म्हणजे घेरी! मुंग्या म्हणजे बधिरपणा! आणि मी गूळ झाकायला सांगितला? सगळ्यांना परत रांगेत बोलवा!"

सोनकी आईला घेऊन रांगेच्या टोकाला उभी राहिली. रांग लांबलचक होती. आईचे पाय लटपटत होते.

लमाणी आजीने ते पाहिले. ती आपल्या बोलीत म्हणाली, "शेवटी तर शेवटी! बुवा, आज रांग त्या टोकाकडून सुरू करा की!"

कुंभारकाकांनी दोन्ही हात गरकन फिरवले: रांग उलटी! सगळी रांग हसली. वैद्यबुवा आपली पेटी उचलून धावतच शेवटच्या टोकाला आले आणि आईसमोर जमिनीवर मांडी घालून बसले. त्यांनी तिचे सगळे म्हणणे ऐकून घेतले.

"रक्त कमी झालंय, माई. हे औषध घ्या. आणि राजाच्या कोठारातून रोज नाचणी, शेंगदाणे, गूळ तुमच्या घरी येईल. गूळ मात्र झाकून ठेवू नका हं, खा!"

मग रांगेतल्या प्रत्येकाचे दुखणे त्यांनी तसेच ऐकले.

काही दिवसांनी आई स्वतःच्या पायांनी औषध न्यायला आली. बागेपाशी ती थबकली. "सोनके, मला अजून एक काजवा दिसतोय गं!"

"तो खरा आहे, आई," सोनकी हसली.

शेवंतीवरचा तो इवलासा ठिपका लखलखला, सारी बाग सोन्यात न्हाली, आणि त्या उजेडातच परी विरून गेली.