कुंपणावरचं औषध

ओढ्याकाठच्या एका गावात एक वैद्यबुवा राहत. खोकल्यावरचा त्यांचा काढा आसपासच्या गावांत नावाजलेला होता. गुरूंनी मरताना त्यांच्या कानात सांगितलं होतं, "वनस्पतीचं नाव चारचौघांत घेतलंस की तिचा गुण गेला." बुवांनी हे इतकं मनावर घेतलं की एकटे असतानाही ते त्या झाडाला नुसतं 'ते' म्हणत.

'ते' म्हणजे अडुळसा. गावातल्या प्रत्येक परसाला त्याचंच कुंपण होतं, कारण शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत. कोणी ओळखू नये म्हणून बुवा काढ्यात चिमूटभर काव कालवत. तो लाल रंग पाहूनच रोगी निम्मा बरा होई. उरलेला निम्मा अडुळसा बघून घेई.

एकदा श्रावणात बुवा पलीकडच्या वाडीत रोगी बघायला गेले आणि मागे ओढ्याला पूर आला. दुसऱ्या दिवशी सकाळी गावाकडच्या काठावर कुंभारीण येऊन उभी राहिली. तिच्या खांद्यावर सहा वर्षांची यमी, खोकून खोकून मान टाकलेली. मागे निम्मं गाव.

"वैद्यबुवा, काढा संपला! पोरीच्या डोळ्याला डोळा नाही!"

"पाणी उतरलं की येतो!"

"ते कधी उतरायचं? पोरीला दम निघत नाही हो!"

बुवा पाण्यात शिरले. कमरेपर्यंत जाताच वाडीकरांनी त्यांना मागे ओढलं.

बुवा मोठ्या पेचात पडले. नाव सांगावं तर गुण जाणार, मग पाला मिळून पोरीला काय उपयोग? न सांगावं तर पोर अशीच खोकत राहणार. एवढ्यात त्यांच्या मनात आणखी एक गोष्ट आली, आणि ती त्यांना मुळीच आवडली नाही. आपण जपतोय ते झाडाचा गुण, की आपला मान?

पलीकडे यमीची मान खोकल्यागणिक उडत होती.

"अडुळसा!" बुवा ओरडले. "तुझ्या कुंपणाचा अडुळसा!"

कुंभारीण म्हणाली, "बुवा, ही थट्टेची वेळ आहे का? त्याला शेळीसुद्धा तोंड लावत नाही!"

"शेळीला कुठं खोकला झालाय? पिकली पानं घे, वाफवून पीळ! रस मधातून दे, थोडा थोडा!"

"आणि ते लाल काय घालायचं?"

बुवा घुटमळले. "काही नाही! ती काव होती!"

"भिंतीला लावतात ती?"

"तीच!"

"तरीच," गर्दीतला एक म्हातारा म्हणाला, "प्यायलं की आतून सारवल्यासारखं वाटायचं!"

गाव हसलं. कुंभारीण मात्र हसायला थांबली नाही. ती घराकडे पळत सुटली होती.

दोन दिवस पाणी उतरलं नाही. बुवा काठावरून हलले नाहीत. कोणी दिसलं की ते हाक मारून यमीची चौकशी करत. पण घसा बसल्यामुळे ती हाक त्यांची त्यांनाच ऐकू येई.

तिसऱ्या दिवशी ओढा ओलांडून ते थेट कुंभारवाड्यात गेले. यमी अंगणात मातीच्या भाकऱ्या थापत होती. खोकला अजून होता, पण पाहुण्यासारखा, अधूनमधून डोकावणारा. बुवांनी काही विचारायला तोंड उघडलं, तर आवाजच फुटेना.

यमी आत गेली आणि वाटी घेऊन आली. "नाक धरून प्या. मी पण तस्संच प्यायले." बुवांनी मुकाट्याने नाक धरलं. चाळीस वर्षांत दुसऱ्याच्या हातचं औषध ते पहिल्यांदाच घेत होते.

तोवर अंगणात बायका जमल्या, प्रत्येकीच्या ओच्यात पाला. "बुवा, एवढा पुरे का? कोवळा चालेल का?"

बुवांनी यमीला जवळ बसवलं. ते तिच्या कानात घोगऱ्या आवाजात एकेक गोष्ट सांगत होते, आणि ती साऱ्या अंगणाला खणखणीत आवाजात ऐकवत होती.

तात्पर्य: नाव घेतल्याने झाडाचा गुण जात नाही. जाते ती आपली ऐट, आणि तिच्यावाचून कोणाचंच अडत नाही.