राजगुरूंच्या गालावरचे खड्डे

राजा चंद्रसेनाच्या दरबारात सोळा वर्षांची मैनावती गायला उभी राहिली, तोच राजगुरू कडाडले, "थांब! तोंडावर मुरमं म्हणजे मनात पाप. हिला राज्याबाहेर घालवा!"

म्हातारे राजवैद्य म्हणाले, "अहो, वयात येताना कातडीतलं तेल वाढतं, छिद्रं बुजतात, म्हणून मुरमं येतात." पण ऐकतंय कोण!

मैनावतीने हात जोडले. "गुरुदेव, आपल्या गालांवर हे खड्डे कसले?"

"तरुणपणी मुरमं होती. पुढे गेली," राजगुरू बोलून गेले.

"मग तेव्हा आपण पाप करणं सोडलंत, की पचवायला शिकलात?"

सारा दरबार हबकला. राजाने नकळत स्वतःचा गाल चाचपला आणि तो घाईघाईने म्हणाला, "गा पोरी, गा!"