परवान्यामागची पाल

माणसं सरकारी अर्ज शाईने भरायची, तेव्हाची ही गोष्ट. शेट्यांच्या छोट्याशा छत्री कंपनीत, भिंतीवरच्या परवान्यामागे एक पाल राहायची. विष्णुपंत शेट्ये दरवर्षी कंपनीचं विवरणपत्र लिहायला बसत आणि सहीच्या वेळी पाल हमखास चुकचुके. पंत पेन खाली ठेवत, तिला हात जोडत. "पालबाईंना शंका आलीय. पुन्हा वाचतो." वाचताना काही ना काही सापडायचंच, कधी संचालकाचं चुकलेलं नाव, कधी जुनाच पत्ता.

खरं तर पालीला अक्षरओळख नव्हती. दिव्याखाली किडा दिसला की ती चुकचुकायची, एवढंच. पण पंतांनी हात जोडले की तिची शेपटी ताठ व्हायची.

पंत गेले. त्यांचा मुलगा उदय कॉम्प्युटरवर अर्ज भरू लागला. पाल चुकचुकली, तरी त्याने वर न बघता बटण दाबलं. महिन्याभराने नोटीस आली. पत्त्यात गावच चुकलं होतं.

दुरुस्तीचा अर्ज घाईघाईने भरताना उदय वैतागून म्हणाला, "बाबांचं कसं कधी चुकलं नाही? त्यांना कोण सांगायचं?"

"मी!" असं पालीच्या अगदी ओठांवर आलं. मग तिला ते खाली ठेवलेलं पेन आठवलं.

"मी नुसती चुकचुकायचे रे," ती हळूच म्हणाली. "थांबायचे ते."

उदयला फक्त चुकचुक ऐकू आली. बटणावर गेलेलं त्याचं बोट थबकलं. "पालबाईंना शंका आलीय," तो म्हणाला आणि पहिल्या ओळीपासून वाचू लागला.

त्या दिवशी दिव्याखाली एकही किडा नव्हता.