पुलाबद्दलची उरलेली मतं

दिवाण गोपाळपंतांनी नदीवर लाकडी पूल बांधला आणि त्याची तारीफ गोळा करायचे कष्टही स्वतःच घेतले. पलीकडच्या काठावर त्यांनी कारकून बसवला. पूल ओलांडून येईल त्याला तो विचारायचा, "पूल कसा वाटला?" शंभरच्या शंभर जण म्हणाले, "उत्तम!"

पंतांनी तो कागद भर दरबारात वाचला. "महाराज, एकही माणूस नाराज नाही. आता बयजाबाईची होडी कशाला? बंदीचा हुकूम द्यावा."

होडीवाली बयजाबाई टोपली घेऊनच आली होती. तिनं ती पंतांपुढे पालथी केली. सतरा ओली पागोटी फरशीवर पडली.

"हे काय?" महाराजांनी विचारलं.

"उरलेली मतं, सरकार. कारकून बसला काठावर. जे पुलाच्या मधूनच खाली आले, ते त्याला कुठून भेटणार? माणसं मी होडीत ओढून घेतली, पागोटी खाली माझ्या जाळ्यात सापडली."

महाराज गालात हसले. "पंत, हुकमावर सही करतो. तो पलीकडच्या गावात तुम्हीच वाचून दाखवा. आत्ताच निघा, पुलावरून."

पंतांनी डोक्यावरची पगडी काढून काखेत धरली आणि हळूच विचारलं, "बयजाबाई, होडी कुठं बांधलीय?"