घाटातल्या बहिणी

घाटात वाफेचं राज्य होतं तेव्हाचं एक काळं इंजिन शेडमध्ये जपून ठेवलं होतं. त्याच्या जातीतलं ते शेवटचं. वर्षातून एकदा त्याची फेरी निघे, तेव्हा बाकी गाड्यांना थांबावं लागे.

"एका म्हातारीसाठी मी थांबू?" नवं विजेचं इंजिन फणकारलं.

म्हातारी हसली. "एकटी कुठली रे मी? ही चाकं थोरलीची, दट्ट्या मधलीचा, शिट्टी धाकटीची. एकेक बहीण मोडीत निघाली, तेव्हा तिचं जे धड होतं ते मला बसवलं."

फिटर हुसेनभाईंनी म्हातारीची भट्टी पेटवली आणि ते खाली उतरले. जमीन हादरली, शिट्टी दरीभर घुमली. म्हातारी नव्या इंजिनासमोरून गेली.

सिग्नल हिरवा झाला, तरी नवं इंजिन हलेना.

"अरे, निघ की!" हुसेनभाई ओरडले.

"थांबा," ते हळूच म्हणालं, "अजून सगळ्याजणी गेल्या नाहीत."