व्रताच्या पाण्यात गूळ

"का, असं विचारायचं नाही. स्वामींनी व्रताचं पाणी पुढे केलं की मुकाट घ्यायचं," मठाच्या पायरीवर काकांनी मला पुन्हा बजावलं.

दारात गूळ-पाणी मिळालं. येणाऱ्या प्रत्येकाला मिळतं. पाणी प्यायले. गुळाचा खडा मुठीतच राहिला.

आप्पास्वामी खांबाला टेकून बसले होते. समोर पाण्यानं भरलेलं फुलपात्र. ते प्यायलं की तीन दिवस आतल्या खोलीत मौन, आणि पोटात पाण्याखेरीज काही नाही. उदास माणसावर मठाचा हाच उपाय.

"काय होतंय, पोरी?"

"सकाळी उठावंसं वाटत नाही. कधी कधी जगावंसंही..."

"औषध?"

"गोळ्या चालू आहेत. थोडं बरं आहे."

"त्या आधी बंद करायला सांगा, स्वामी," काकू म्हणाली. "घरात सगळं आहे. उदास व्हायला हिला झालंय काय?"

"पोर्फिरिया."

"बघा. विचारलं की इंग्रजी."

"मराठीत सांगते. आपल्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या आलेला आजार आहे. उपाशी राहिलं की अंगात विष साचतं. पोटात कळा येतात, मनही थाऱ्यावर राहत नाही. डॉक्टरांनी मनाच्या गोळ्यासुद्धा या आजारात चालतील अशा शोधून दिल्यात. आणि जेवण चुकवायचं नाही, चुकलंच तर निदान गोड काही तोंडात टाकायचं म्हणून सांगितलंय."

काका हसले. "माझी बहीण गोदावरी अशीच उदास असायची. याच खोलीत बसली. कळा यायच्या, पण तोंडातून अवाक्षर नाही. तिसऱ्या दिवशी सुटली. पुण्यवान."

"मेली, काका."

स्वामींनी फुलपात्र माझ्याकडे सरकवलं.

मी ते उचललं. काकूनं डोळे मिटून हात जोडले.

मूठ उघडली. खडा पाण्यात टाकला, बोटानं ढवळला. लवकर विरघळेना. तसंच प्यायले. तळाशी उरलेला गूळ चावून खाल्ला.

"व्रत मोडलंस," काका म्हणाले.

"मी घेतलंच नव्हतं. आणि घेणार नाही. त्या खोलीत मी जाणार नाही."

"स्वामी, आता तुम्हीच सांगा हिला."

स्वामी रिकाम्या फुलपात्राकडे बघत होते. मग काकांकडे वळले.

"गोदावरी आतून काय मागत होती रे, वसंता?"

काका दाराकडे बघू लागले.

"गूळ," स्वामी म्हणाले.